तीन पानांची चांदणी

सकाळपासून तिसऱ्यांदा खुर्चीतून उठले. आमच्या विभागाची नवी प्रात्यक्षिक पुस्तिका लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. टोमॅटोच्या फुलाचं क्रॉसिंग, म्हणजे संकर, कसा करायचा, एवढंच लिहायचंय. सात पायऱ्या, दोन पानं. पाच पायऱ्या झाल्या. सहावीला ‘फुलाला खूण करा’ एवढं लिहिलं की माझ्या पायाला भिंगरी लागते. चहा ठेवते, तो उतू जातो. गॅस पुसते. परत बसते. या खुणेपायीच एक पोरगी माझ्या डोळ्यांदेखत नापास झाली, अन् मी तिथं मूग गिळून बसले होते.

मी काही गप्प बसणारी बाई नव्हे, हे आधी सांगते. जालन्यातल्या एका कॉलेजात बावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतेय, अन् बावीस वर्षांत माझ्या तोंडाला लागायची कुणाची बिशाद झालेली नाही. नळाला पाणी नसलं तरी मी ऑफिसात जाऊन ऐकवते, वर्गात फळा पुसलेला नसला तरी ऐकवते. म्हणूनच विद्यापीठाचं ते पत्र आलं तेव्हा प्राचार्य सर म्हणाले, “मॅडम, हे तुम्हीच घ्या. तुम्ही बोलता.” पत्रात लिहिलं होतं की जीवशास्त्राचे अभ्यासक्रम सगळ्या थरांतल्या मुलामुलींना आपले वाटले पाहिजेत, त्यासाठी तुमच्या कॉलेजनं काय केलं ते पंधरा दिवसांत कळवा. पंधरा दिवसांत! पी हळद अन् हो गोरी.

पण मी काय कमी होय? मी पोस्टर केलं. मोठं, रंगीत. देशोदेशीच्या शास्त्रज्ञ बायका, गोऱ्या, काळ्या, सावळ्या, अन् वर ठळक अक्षरांत ‘विज्ञान सगळ्यांचं’. प्रयोगशाळेत बेसिनच्या वर लावलं, त्याच्यासमोर मुलींना उभं करून फोटो काढला, अहवालाला जोडला. त्या दिवशी मला स्वतःचं लई कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

ती पोरगी त्या फोटोत नाही. तेव्हा ती कॉलेजात येतच नव्हती. शेवटच्या वर्षाला होती ती. तीर्थपुरीच्या पुढं एका वस्तीवरून यायची, फाट्यापर्यंत कुणाच्या तरी मोटरसायकलवर, मंग एसटीनं. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. काही विचारलं की उभी राहायची अन् नुसती वहीकडं बघायची. पोळा झाला की गायब व्हायची ती एकदम दिवाळीच्या पुढंमागं उगवायची, बोटं काळीहिरवी पडलेली.

“कुठं होतीस इतके दिवस?” मी भर वर्गात विचारलं होतं.

“शेडनेट चालू व्हतं मॅडम.”

“शेडनेट हे काय कारण झालं? हे कॉलेज आहे का धर्मशाळा?”

वर्ग हसला. ती खाली बसली. मी फळ्याकडं वळले अन् तेच क्रॉसिंग इंग्रजीतून शिकवायला लागले, जे ती दोन महिने हातानं करून आली होती. तेव्हा हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आता ते आठवलं की मी बसल्या जागेवरून उठते.

जालन्यात राहून शेडनेट म्हणजे काय ते मला ठाऊक नाही होय? एमआयडीसीत बियाण्याच्या पाकिटांचे ढीग लागतात. त्या पाकिटातलं बी ज्या टोमॅटोतून अन् मिरचीतून निघतं, ती आमच्याच खेड्यापाड्यांत, हिरव्या जाळीखाली धरतात. फूल उमलायच्या आदल्या दिवशी कळी उघडून त्यातले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, म्हणजे फूल आपलं आपण फळणार नाही. दुसऱ्या सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग त्याला लावायचे. झालं क्रॉसिंग. परीक्षेत मात्र दोन्ही एकाच बैठकीत उरकतात. आम्ही त्याला अवघड नावं देऊन दोन तास घालवतो. तिथं बाया गप्पा मारत ओळीच्या ओळी करून टाकतात.

अन् खूण? प्रयोगशाळेत आम्ही दोरा बांधलेली कागदी चिठ्ठी लावतो, तिच्यावर तारीख लिहितो. नेटमध्ये हजारो फुलांना चिठ्ठ्या कोण बांधत बसणार? टोमॅटोच्या फुलाच्या बुडाशी पाच चिमुकली हिरवी पानं असतात, पुस्तकात त्यांना निदलं म्हणतात. टोमॅटोच्या डोक्यावर जी हिरवी चांदणी दिसते ती त्यांचीच. क्रॉसिंग झालं की बाया त्यातली दोन पानं नखानं तोडतात. पुढं फळ पिकलं की तीन पानांची चांदणी दिसली तर ते क्रॉसिंगचं, पाच पानांची दिसली तर ते आपलं आपण धरलेलं, फेकून द्यायचं. पानं तोडायला एक क्षण लागत नाही, अन् ती खूण पावसानं भिजत नाही, वाऱ्यानं उडत नाही. माझ्या भावजयीच्या नेटमध्ये मी हे कितीदा तरी पाहिलेलं.

परीक्षा डिसेंबरात होती. कॉलेजकडून परीक्षक मी. बाहेरून आलेले परीक्षक शहरातले, वयानं माझ्यापेक्षा लहान, स्वभावानं वाईट नव्हते. टोमॅटोच्या कुंड्या मीच घरून आणल्या होत्या. प्रत्येकापुढं कुंडी, चिमटा, भिंग, काचेच्या बशीत पराग, झाकायला पिशवी अन् ती दोऱ्याची चिठ्ठी. बाकीची पोरं भिंग डोळ्याला लावून चाचपडत होती. एकानं तर पुंकेसरांबरोबर सगळं फूलच उपटलं. ही आली, कळी निवडली, चिमटा एकदा फिरवला. पराग लावले. दोन पानं खुडली अन् हात मागं घेऊन उभी राहिली. भिंगाला हात नाही, पिशवीला नाही, चिठ्ठी तशीच टेबलावर पडलेली.

परीक्षक सर वाकले. “झालं? लेबल कुठंय?”

“लावलं सर,” ती म्हणाली अन् फुलाकडं बोट केलं.

“हे काय, तीनच सेपल? दोन कुठं गेले?”

“तोडले सर.”

“का?”

“तोडतेत सर.”

“तोडतेत म्हणे!” सर हसले. मागची दोन पोरंही हसली. “अहो, या कुळातल्या फुलाला सेपल किती असतात? फूल खराब केलंत तुम्ही.” मंग त्यांनी इंग्रजीतून तीन-चार प्रश्न विचारले. तिनं एकाचंही उत्तर दिलं नाही. तिनं फक्त एकदा माझ्याकडं पाहिलं.

मी तिच्याकडं पाहिलं. अन् मंग मी माझ्या हातातल्या गुणपत्रिकेकडं पाहिलं.

काय झालं होतं मला? मी स्वतः कुंभार पिंपळगावजवळच्या शेतात आईबरोबर कपाशीचं क्रॉसिंग केलेली पोर. कपाशीला आम्ही चिमटाबिमटा काही घेत नव्हतो, अंगठ्याचं नख हेच अवजार. नखावर कायमचा तपकिरी डाग. शहरात शिकायला गेले तेव्हा पहिल्याच प्रात्यक्षिकात मी फूल हातात घेतलं अन् नखानं एका झटक्यात साफ केलं. मला वाटलं, तिथले सर शाबासकी देतील. सर म्हणाले, “बाई, हे तुमचं शेत नाही.” अख्खी बॅच हसली. मी खोलीवर येऊन लिंबाच्या फोडीनं नख घासलं, रोज घासलं, डाग जाईपर्यंत. तेव्हा ठरवलं, शेतातली गोष्ट प्रयोगशाळेत काढायची नाही. ते इतकं मुरलं की पुढं मीच टेबलाच्या या बाजूला आले तरी निघालं नाही. परीक्षेच्या दिवशी परीक्षक सर हसले अन् माझी नळावरून अन् फळ्यावरून भांडणारी जीभ टाळ्याला चिकटून बसली.

पंधरापैकी तीन. एकूण बेरजेत पास व्हायला चार गुण कमी. सरांनी सही केली, मी सही केली. वर बेसिनपाशी ‘विज्ञान सगळ्यांचं’ लटकत होतं.

दोन दिवस मी उगाच कामं काढली. बीकर धुतले, कपाटातल्या जुन्या स्लाइड पुसल्या, घरी डाळी निवडल्या, नवऱ्यावर दोनदा डाफरले. त्यानं विचारलं, “आज कुणी तुझं घोडं मारलं?” गुण आठ दिवसांत विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायचे होते. एकदा भरून बंद झाले की ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

तिसऱ्या दिवशी तिची तीर्थपुरीची मैत्रीण दारात उभी राहिली. “मॅडम, नापास झाल्याचं तिला कळलं. ती आता येणार न्हाई. तिच्या दादानं आधीच सांगून ठिवल्तं, एकदा जरी नापास झाली तर कॉलेज बंद. तिचा हात लई चालतो ना, नेटमधी तिच्याबिगर अडतंय त्यांचं.”

म्हणजे बघा! पोरीच्या हातात कसब आहे म्हणून आम्ही तिला नापास केलं, अन् तेच कसब आहे म्हणून घरचे तिला कायमची जाळीत घालायला टपलेले. माझं डोकं सणकलं. कुणावर सणकलं म्हणाल तर आधी त्या सरांवर, मंग तिच्या दादावर, अन् फाट्यावर एसटीतून उतरून तिच्या वस्तीकडं पायी निघाले तेव्हा कुणीच उरलं नव्हतं, मीच उरले होते.

नेटमध्ये शिरल्यावर दमट वास अंगावर आला. लवकर लावलेल्या ओळींत फळं लागली होती, उशिराच्या ओळींत अजून क्रॉसिंग चालू होतं. ती तिथंच होती, चिमटा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोटात परागाची वाटी असलेली अंगठी. मला पाहून उभी राहिली, वर्गात राहायची तशीच. तिची आई मात्र हसत पुढं आली.

“या या मॅडम! आमच्या गरिबाच्या नेटमधी कशा काय आल्या?”

मी म्हटलं, “शिकायला आले.” अन् खरंच चिमटा मागून घेतला. पहिल्या कळीची कुक्षीच, पराग लावायचं मधलं टोकच, मोडली. दुसरीचीही मोडली. मी म्हणाले, “चिमटा बोथट आहे हो तुमचा.”

“नाचता येईना अंगण वाकडं, मॅडम!” आई खो खो हसली. “त्योच चिमटा घेऊन ही सकाळपून चार ओळी करून राह्यली.” तिनं एक पिकलेला टोमॅटो खुडून माझ्यापुढं धरलं. “हे बघा, तीन पानं. हे आपल्या पोरीच्या हातचं. पाच पानाचं घावलं की फेकायचं, कंपनीला चालत न्हाई.” अन् मंग आवाज उतरला. “एवढं येतंय तिला, मंग नापास कशी झाली वो? तिचा दादा म्हणतो, नशिबातच न्हाई शिकणं.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला? ती माउली चहा ठेवायला गेली. जाळीखाली आम्ही दोघीच राहिलो. मी म्हणाले, “अगं, मी काहीतरी करते. अजून गुण भरलेले नाहीत.”

ती कळ्या बघत होती. बघता बघताच म्हणाली, “मॅडम, तुमाला म्हाईत व्हतं ना?”

“काय?”

“पानं कामून तोडतेत ते. तुमी माझ्याकडं बघितलं तवा मला वाटलं, मॅडमला म्हाईत हाय. आता सांगतेल.”

खोटं बोलता आलं असतं. “माहीत होतं,” मी म्हणाले.

ती “बरं” म्हणाली अन् पुढच्या झाडाकडं सरकली. तिनं चिडावं, दोन शब्द ऐकवावेत असं मला लई वाटत होतं. तिनं नाही ऐकवलं. आईनं आणलेला चहा मी उभ्याउभ्या प्याले, तोंड भाजलं.

फाट्यावरूनच त्या सरांना फोन लावला. भांडायच्या तयारीनंच लावला होता. पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं. असं कुठल्या पुस्तकात नाही हो. पण तुम्हाला माहीत होतं, तर तुम्ही तेव्हा का नाही बोललात?” पोरीनं जे विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “रेंज जातेय सर,” अन् फोन ठेवला. रेंज बराबर होती.

प्राचार्य म्हणाले, परीक्षा परत घेता येईल, पण लेखी कारण लागेल. परीक्षकाची चूक असं स्पष्ट लिहावं लागेल, अन् कागद विद्यापीठात जाईल. मी त्यांच्यासमोरच बसून लिहिलं. विद्यार्थिनीनं फुलाला केलेली खूण या भागातल्या बीजोत्पादनात रोज वापरली जाते, ती बरोबर आहे, हे मला परीक्षेच्या वेळी ठाऊक होतं, मी ते सहपरीक्षकांना सांगितलं नाही. प्राचार्यांनी कागद दोनदा वाचला. “मॅडम, आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता? ‘नजरचूक’ लिहा ना.” मी म्हणाले, “नजर चुकली नव्हती सर.” अन् सही केली.

तिच्या दादाला मी स्वतः फोन केला. तो म्हणाला, “एकच बार, मॅडम. न्हाई झालं तर परत फोन करू नका.”

पोर्टल बंद व्हायच्या आदल्या दिवशी फेरपरीक्षा ठेवली. सर सकाळच्या गाडीनं आले अन् काय सांगू, माणूस बदलूनच आला होता. भिंग स्वतः हातात घेऊन कुंडीपाशी खुर्ची ओढून बसले. “मला ती खूण नीट बघायचीय,” म्हणाले, “आमच्या विभागात जाऊन सांगायचीय.” मी तर सकाळपासून तेवढ्याच क्षणाची वाट बघत होते. ती दोन पानं खुडेल, सर विचारतील, अन् ती नाही बोलली तर मी बोलणार होते. काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. अंगठ्याच्या नखाचंसुद्धा सांगणार होते.

ती आली. कळी निवडली. आधी भिंग उचलून डोळ्याला लावलं, ज्याची तिला बिलकुल गरज नव्हती. पुंकेसर काढले, पराग लावले. सर पुढं वाकले. तिनं टेबलावरची चिठ्ठी उचलली, तारीख लिहिली, दोरा देठाला गुंडाळून नीट गाठ मारली. पिशवी चढवली. हात मागं घेऊन उभी राहिली.

फुलाची पाचही पानं जागच्या जागी होती.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मंग तिला म्हणाले, “अहो, ती पानांची खूण नाही केलीत?”

“न्हाई सर. लेबल लावलंय,” ती म्हणाली. सरांनी एक-दोन सोपे प्रश्न मराठीतून विचारले, तिनं पुस्तकातली उत्तरं दिली, पाठ करून आली होती. पंधरापैकी चौदा. पास. प्राचार्यांनी माझं अभिनंदन केलं. माझं!

मी तिच्यामागं व्हरांड्यात धावले. “अगं, पानं का नाही तोडलीस? सर तेच बघायला आल्ते. या बारीला मी बोलणार होते, शपथ.”

तिनं दप्तर खांद्यावर नीट केलं. “मॅडम, मला पास व्हायचं व्हतं,” ती म्हणाली. “लेबल लावलं की कुणी हसत न्हाई. तुमी बोलतेल का न्हाई, ते मला कसं म्हाईत असणार?” अन् जरा हसली, माझं वाईट वाटू नये म्हणून.

मला रडू आलं. इतक्या वर्षांत मी जे नखाला लिंबू घासून शिकले होते, ते ती दोन परीक्षांत माझ्याकडून शिकून निघाली होती. तिच्या एसटीची वेळ झाली होती, म्हणून मी तिला जा म्हटलं.